मुलांच्या फुटबॉल सामन्यात पंच म्हणून उभं राहताना: वयोगटांचे नियम आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमची भरलेली गॅलरी डोळ्यांसमोर येते. पण याच शहरात सकाळी सातला शाळेच्या ग्राउंडवर नऊ-दहा वर्षांची पोरं खेळत असतात. तिथे शिट्टी असते ती कॉलेजच्या एखाद्या मुलाच्या, पी.टी.च्या सरांच्या नाहीतर कुणाच्या तरी वडिलांच्या हातात. मोठ्यांच्या खेळाचे नियम त्यांना येत असतात. अडतं ते 'दहा वर्षांखालील मुलांना हाच नियम लागतो का?' या प्रश्नाशी. गेली काही वर्षं मी मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो आणि हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे.

लहान मुलांचे नियम नक्की कुठे लिहिलेले असतात?

एकाच पुस्तकात ते सापडत नाहीत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फुटबॉलचे मूळ नियम सतरा. ते ठरवतं इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड, म्हणजे आयफॅब. हे मंडळ १८८६ सालचं आहे. दरवर्षीचे बदल साधारण १ जुलैपासून लागू होतात. याच नियमपुस्तकात अशी मुभा आहे की युवा, ज्येष्ठ (व्हेटरन), दिव्यांग आणि तळागाळातल्या फुटबॉलसाठी राष्ट्रीय संघटनांना काही गोष्टी बदलता येतात: मैदानाची लांबी-रुंदी, चेंडूचा आकार आणि वजन, गोलपोस्टची रुंदी-उंची, सामन्याची वेळ, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत घेणं, आणि कार्ड मिळालेल्याला काही मिनिटं बाहेर बसवणं.

त्यानंतर येते ती तुमच्या स्पर्धेची नियमावली. बऱ्याचदा ती दोन पानांची पीडीएफ असते आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीन आठवड्यांपूर्वी पडलेली असते. ती शोधा, वाचा, छापून खिशात ठेवा. 'मागच्या वर्षी असं होतं' किंवा 'पुण्यात असंच खेळतात' यावर भरवसा ठेवू नका.

हे मी स्वतःच्या अनुभवातून सांगतो. अकरा वर्षांखालील मुलांची एक स्पर्धा होती, सात-सात खेळाडूंची. नियमावली न वाचता मी मैदानात उतरलो. एक बारका पोरगा बचावपटूंच्या मागे उभा होता. त्याच्याकडे पास आला, त्याने गोल केला आणि मी शिट्टी वाजवून ऑफसाइड (पास निघताना बचावपटूंच्या पलीकडे, गोलजवळ उभं असणं) दिला. तो माझ्याजवळ आला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज शांत होता. म्हणाला, "सर, ह्या स्पर्धेत ऑफसाइड न्हाईच की. आमच्या सरांनी सांगिटलंय." खरंच नव्हता. नियमावलीत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण तोवर फ्री किक घेऊन झाली होती, आणि खेळ पुन्हा सुरू झाला की पंचाला निर्णय फिरवता येत नाही. त्या पोराचा गोल गेला तो गेलाच. तेव्हापासून नियमावली वाचल्याशिवाय मी बुटांच्या नाड्या बांधत नाही.

'१३ वर्षांखालील' म्हणजे नेमकं काय? बारा पूर्ण की तेरा पूर्ण?

वाढदिवस मोजत बसू नका, तारीख बघा. नियमावलीत 'अमुक तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेला' असं वाक्य असतं आणि ती तारीख बहुधा १ जानेवारी असते. समजा '१ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर' असं लिहिलं आहे. मग २८ डिसेंबर २०१२ चा मुलगा चार दिवसांनी का होईना, त्या गटात बसत नाही. त्याला वाईट वाटणारच, पण रेघ कुठेतरी मारावी लागते.

स्पर्धा बदलली की गटही बदलतात. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत अलीकडे मुलांचे १५ आणि १७ असे गट आहेत, मुलींचा १७ चा. क्लबच्या स्पर्धांत ९, ११, १३ असे विषम आकडे दिसतात. त्यामुळे तोच मुलगा एका महिन्यात एकीकडे सगळ्यांत मोठा असतो, दुसरीकडे सगळ्यांत लहान. पालक गोंधळतात ते उगाच नाही.

समोरच्या संघातला एखादा मुलगा वयाने मोठा दिसतो. पंचाने काय करायचं?

मैदानावर काहीच करायचं नाही. वय तपासणं हे आयोजकांचं काम आहे. जन्मदाखला, शाळेचं बोनाफाइड, आधार, आणि वरच्या पातळीवर मनगटाच्या हाडांची तपासणी. खेळाडूंच्या यादीत नाव आहे आणि ओळखपत्रावरचा फोटो जुळतो, तर तो खेळणार. समोरच्या कोचला हरकत घ्यायची असेल तर ती लेखी घ्यावी, तुम्ही ती अहवालात नोंदवा.

पण त्या मुलाला सगळ्यांसमोर 'तुझं वय किती?' असं विचारू नका. एका सामन्यात तेरा वर्षांच्या एका मुलाला नुकती मिसरूड फुटली होती. कुंपणाबाहेरून ओरडा सुरू झाला. त्याची आई प्लास्टिकच्या पिशवीतून जन्मदाखल्याची मूळ प्रत काढून हातात धरून उभी होती. ती कागद पुढे करत होती आणि कुणी बघत नव्हतं. शेवटी मी खेळ थांबवला, आयोजकांना बोलावलं, त्यांनी तो कागद नीट पाहिला आणि मगच खेळ पुढे सुरू झाला. पोरं एकाच वर्षी जन्मतात, पण एकाच वर्षी वाढत नाहीत.

मैदान, गोल आणि चेंडू कसे तपासायचे?

मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. नऊ वर्षांच्या गोलीला त्यात उभं केलं तर डोक्यावरून मारलेला कुठलाही चेंडू आत जातो, आणि ते पोरगं चार गोलांनंतर खाली मान घालून उभं राहतं. म्हणून लहान गटांना लहान गोल. स्पर्धेने दिलेलं माप टेपने बघा, टेप नसेल तर पावलांनी मोजा.

मापापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हलवता येणारे गोल जमिनीला घट्ट बांधलेले आहेत का? नियम स्पष्ट आहे: गोल जमिनीत पक्का असला पाहिजे. आपल्याकडे टर्फवर आणि शाळेच्या ग्राउंडवर लोखंडी पाइपचे सुटे गोल असतात आणि पोरं क्रॉसबारला लोंबकळतात. असा गोल अंगावर पडून जगात अनेक ठिकाणी मुलं दगावली आहेत. मी दोन्ही हातांनी बार पुढे ओढून बघतो. हलला तर मागच्या पाइपवर वाळूची पोती टाकायला लावतो. पोती येईपर्यंत सामना सुरू करत नाही, मग आयोजक कितीही घड्याळ दाखवोत. या एका बाबतीत कुणाची भीड ठेवू नका.

चेंडूचं सोपं आहे. पाच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटीमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा. चार नंबरचा साधारण ६३.५ ते ६६ सेंटीमीटर, ३५० ते ३९० ग्रॅम. अगदी लहानांना तीन नंबर. कुठल्या गटाला कुठला, हे नियमावलीत असतं. सामन्याआधी अंगठ्याने दाबून बघा. दगडासारखा फुगवलेला चेंडू लहान मुलाच्या मांडीवर बसला की त्याला पुढे चेंडूची भीतीच बसते.

किती खेळाडू, किती वेळ?

याला एकच उत्तर नाही. तत्त्व एवढंच की वय वाढेल तसे खेळाडू, मैदान आणि मिनिटं वाढतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. ते सामने ४५-४५ मिनिटांचे, पूर्ण मैदानावर, अकरा-अकरा जणांचे होते. म्हणजे त्या वयाला वरच्या पातळीवर मुलं मोठ्यांच्याच नियमांनी खेळतात. सात वर्षांच्या पोरांना तसं खेळवलं तर चेंडूभोवती वीस जणांचा घोळका होतो आणि निम्म्यांच्या पायाला चेंडू लागतच नाही.

न्यू जर्सी किंवा बे एरियातले मराठी आई-वडील हे नेहमी विचारतात, म्हणून अमेरिकेतली रचना देतो. तिथे ९-१० वर्षांखालील गट सात-सात जणांचे, २५ मिनिटांचे दोन भाग. ११-१२ चे नऊ-नऊ, ३० मिनिटांचे. १३ पासून पुढे अकरा-अकरा, ३५ मिनिटांपासून वाढत वाढत ४५ पर्यंत. आपल्याकडच्या नियमावलीत आकडे वेगळे असू शकतात, चढती भाजणी मात्र अशीच असते.

दोन्ही भाग समान हवेत, हे लक्षात ठेवा. उशीर झाला म्हणून पहिला भाग वीस मिनिटं आणि दुसरा पंधरा, असं चालत नाही. कमी करायचं तर सुरुवातीलाच दोन्ही संघांना सांगून दोन्ही भाग कमी करा. अकरांच्या सामन्यात एखाद्या संघाकडे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर खेळ चालू ठेवता येत नाही. लहान सामन्यांत हा आकडा किती, ते आधी ठरवून घ्या.

गंडा, करगोटा, कानातले, कडं... काढायला लावायचं का?

हो. चौथा नियम सांगतो: दागिने चालत नाहीत आणि त्यांवर टेप चिकटवूनही चालत नाहीत. यावरून आपल्याकडे सगळ्यांत जास्त वाद होतात, कारण पंच आपला दागिना काढायला सांगतो आहे असं आईला वाटत नाही, देवाचा दोरा काढायला सांगतो आहे असं वाटतं. मी मुलाला बाजूला घेतो, खाली बसतो आणि सांगतो, "बाळा, धावताना कुणाचं बोट यात अडकलं तर त्याचं बोट तुटेल किंवा तुझा गळा कापेल. काढ, आईकडे दे, सामना झाला की लगेच घाल." बहुतेक पोरं ऐकतात. आई ऐकत नसेल तर तिला नमस्कार करून तेच सांगतो, फक्त 'आई' म्हणून.

नुकतेच कान टोचलेल्या मुलीचा प्रश्न अवघड असतो. डूल काढला की भोक बुजेल अशी घरच्यांना भीती असते. तरी नियम तोच. म्हणून ही गोष्ट सामन्याच्या आदल्या दिवशीच कोचला कळवावी. ऐनवेळी रडारड नको.

शीख मुलाचा पटका, मुलीचा हिजाब या डोकं झाकणाऱ्या गोष्टींना २०१४ पासून परवानगी आहे. त्या डोक्याला घट्ट बसलेल्या हव्यात आणि त्यांना पिन वगैरे नको. खेळाचा चष्मा चालतो. शिनगार्ड (नडगीचे संरक्षक पॅड) सक्तीचे आहेत आणि ते मोज्याखाली झाकलेले हवेत. पुठ्ठा कापून मोज्यात घातलेली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना रागावू नका. आयोजकांकडे दोन-तीन जोड जास्तीचे ठेवायला सांगा, त्या पोराला ते द्या आणि खेळू द्या.

चेंडू हाताला लागला की 'हँड!' होतोच ना?

नाही. मैदानाबाहेरून सर्वांत मोठ्याने ओरडला जाणारा शब्द हाच आहे, आणि तो निम्म्या वेळा चुकीचा असतो. मुद्दाम हात चेंडूकडे नेला किंवा हात अनैसर्गिक पसरून शरीर मोठं केलं, तर हँड. जवळून मारलेला चेंडू अंगाला चिकटलेल्या हाताला लागला, तर नाही. खांदा हात नाही. काखेच्या खालच्या टोकाच्या रेषेपासून खाली हात सुरू होतो.

लहान मुलांत एक जास्तीची गोष्ट येते. तोंडाकडे वेगाने चेंडू आला की आठ वर्षांचं मूल हात वर घेणारच, ती भीतीची हालचाल आहे. त्याने चेंडूला हात लावायला हात वर नेलेला नसतो, चेहरा वाचवायला नेलेला असतो. अशा वेळी मी खेळ चालू ठेवतो आणि "खेळा, खेळा!" असं मोठ्याने म्हणतो, म्हणजे सगळ्यांना कळतं की मी पाहिलं आहे आणि ठरवलं आहे.

ऑफसाइड कधी लागतो?

लहान गटांत तो आहे की नाही, हे आधी नियमावलीत बघा. का ते वर सांगितलंच आहे. असेल तर तीन जागा पाठ ठेवा: थेट थ्रो, थेट गोल किक आणि थेट कॉर्नरवरून ऑफसाइड होत नाही. स्वतःच्या अर्ध्या मैदानातही होत नाही. आणि नुसतं पुढे उभं राहणं गुन्हा नाही, खेळात भाग घ्यायला हवा.

थ्रो चुकला तर परत द्यायचा का?

मूळ नियमाने थ्रो समोरच्या संघाला जातो. दोन्ही पायांचा काही भाग जमिनीवर, रेषेवर किंवा रेषेबाहेर, दोन्ही हात, चेंडू डोक्याच्या मागून आणि डोक्यावरून. अगदी लहान गटांत अनेक स्पर्धा एकदा समजावून पुन्हा थ्रो घेऊ देतात. मला ते मनापासून पटतं, पण ते दोन्ही कोचना सामन्याआधी सांगितलेलं हवं. एकाला परत दिला आणि दुसऱ्याला नाही, असं होता कामा नये.

गोलीने चेंडू हातात किती वेळ ठेवायचा? सहा सेकंद की आठ?

२०२५-२६ च्या नियमांपासून आठ. आधी सहा सेकंद होते आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किक होती; पण ती इतकी क्वचित दिली जायची की गोली बिनधास्त वेळ काढायचे. आता आठपेक्षा जास्त झाले की समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंचाने हात वर करून बोटांनी दाखवायचे असतात. मुलांच्या सामन्यात मी दोन्ही गोलींना टॉसआधी बोलावतो आणि बोटं कशी दाखवणार ते करून दाखवतो. एका गोलीने मला विचारलं होतं, "सर, चेंडू पकडून मी पडलो तर?" उत्तर असं: चेंडू पूर्ण ताब्यात आला आणि अडथळा नसला की मोजणी सुरू होते. पडलेल्या पोराला उठायला वेळ द्या.

लहान मुलांना कार्ड दाखवायचं का?

पिवळं आणि लाल कार्ड आलं ते १९७० च्या विश्वचषकात, पंचांची आणि खेळाडूंची भाषा वेगळी असली तरी इशारा कळावा म्हणून. दहा वर्षांच्या मुलाची भाषा तुम्हाला येते. त्याच्याशी बोला. अनेक लहान गटांत कार्ड नसतंच. कोचला सांगून त्या पोराला पाच मिनिटं बाहेर बसवून पाणी पाजलं की राग उतरतो. चौदा-पंधराच्या गटात मात्र कार्ड लागतं तिथे द्यायलाच हवं. मागून दोन्ही पायांनी घसरून आडवं केलं आणि तुम्ही 'पोरं आहेत' म्हणून सोडलं, तर पुढच्या मिनिटाला समोरचा मुलगा स्वतः हिशेब चुकता करतो.

डोक्याला लागलं तर?

लगेच शिट्टी. कुणाचा गोल होत असला तरी. मूल चक्कर आल्यासारखं करत असेल, उलटी झाली, गोल किती झाले ते आठवत नसेल, तर त्या दिवशी ते पुन्हा खेळणार नाही. 'मी बरा आहे' असं तो म्हणेल, कोचही म्हणेल. ऐकू नका. अमेरिकेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) करू दिलं जात नाही, इंग्लंडमध्येही लहान गटांतून ते टप्प्याटप्प्याने काढलं जात आहे. तुमच्या स्पर्धेत तो नियम असेल तर मुद्दाम हेड केल्यास शिक्षा काय, तेही वाचून ठेवा.

उन्हाळी स्पर्धांत पाण्यासाठी थांबता येतं का?

येतं आणि थांबावंच. पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत, अंग थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटं, असं नियमातच आहे. विदर्भात किंवा इथे एप्रिल-मेमध्ये अकरा वाजता सामना लावला असेल तर मी प्रत्येक भागाच्या मध्यावर थांबवतो.

पालक आणि कोच ओरडतात, शिव्याही देतात. कसं सांभाळायचं?

इथे पेठेची आणि तालमीची ईर्ष्या रक्तात असते, आणि बापाची ईर्ष्या पोराच्या जर्सीत उतरते. मी सामन्याआधी दोन्ही कोचना एकत्र बोलावून तीन वाक्यं सांगतो: आजचे खास नियम हे हे, शंका मध्यंतरात विचारा, पालकांना रेषेपासून मागे ठेवायची जबाबदारी तुमची. सामन्यात आरडाओरडा वाढला तर पालकाशी थेट भांडत नाही. खेळ थांबवतो, कोचकडे जातो, त्यांना सांगतो. तरीही थांबलं नाही तर ती व्यक्ती ग्राउंडबाहेर गेल्याशिवाय शिट्टी वाजवत नाही. शिट्टी न वाजवण्याचा अधिकारही पंचाचाच आहे.

आणि शिट्टी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलीच्या हातात असेल तर आयोजकांनी एका मोठ्या माणसाला त्याच्या बाजूला उभं करायलाच हवं. पहिल्याच सामन्यात शिव्या खाऊन ग्राउंड सोडून गेलेली दोन चांगली मुलं मला माहीत आहेत. ती परत आली नाहीत.

मुलींनाही पंच होता येतं ना? सुरुवात कुठून करायची?

अर्थातच. गोव्याच्या उव्हेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेकडे जा, पंचांचं शिबिर आणि परीक्षा कधी आहे ते विचारा. महाराष्ट्रात वरची संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. आयफॅबचं नियमपुस्तक मोबाइलवर फुकट मिळतं. रोज एक नियम वाचा आणि रविवारी ग्राउंडवर जाऊन दुसऱ्याची पंचगिरी बघा. झेंडा घेऊन रेषेवर उभं राहण्यापासून सुरुवात केली तर नजर लवकर तयार होते.

सामन्याला जाताना पिशवीत काय ठेवू?

दोन शिट्ट्या, कारण एक ऐनवेळी दगा देते. दोन घड्याळं. चेंडूचा पंप आणि सुई. मोजायला टेप. कोरी वही, पेन आणि पेन्सिल, कारण पावसात पेन उमटत नाही. छापलेली नियमावली, वयोगटाच्या तारखेखाली रेघ मारलेली. पाण्याची बाटली मोठी घ्या, कारण कुठल्या तरी पोराने घरून आणलेली नसते. आणि टॉससाठी नाणं; ते मी लहान गटात कॅप्टनला स्वतः उडवू देतो.